भुकटीची लिपी वाचणारे पीटर डेबाय

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड परिसरात उन्हाळ्याच्या अखेरीस काळ्या शेतातून चालताना जपून पाऊल टाकावे लागते. जमिनीला पडलेल्या भेगांत हात सहज आत जातो. मृगाचा पाऊस पडला की हीच जमीन फुगते, भेगा मिटतात आणि वाफसा येईपर्यंत शेतात औत घालण्याची सोय राहत नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीचा असा स्वभाव तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या चिकण खनिजामुळे बनला आहे. या खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते आणि थर एकमेकांपासून दूर सरतात. पण हे सांगणार कसे? या खनिजाचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. त्यांचा एखादा सुटा स्फटिक चिमटीत धरून तपासावा, अशी सोयच नाही.

नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोमध्ये विदर्भाच्या काळ्या मातीवर जे काम झाले, त्याचा एक मोठा आधार क्ष-किरणांचे विवर्तन हा आहे. मातीतला चिकण अंश पाण्यात निवळून वेगळा काढायचा, काचपट्टीवर त्याचा थर द्यायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. एरवी चौदा-पंधरा अँगस्ट्रॉमवर दिसणारे शिखर ग्लायकॉलची वाफ दिल्यावर सतरा अँगस्ट्रॉमवर सरकले, की स्मेक्टाइट सापडले असे समजायचे. शेतातल्या जमिनीचे फुगणे असे कागदावरच्या एका शिखराच्या सरकण्यात दिसते.

यंत्रातून बाहेर पडते ती एक साधी फाईल. एका रकान्यात कोन, दुसऱ्यात त्या कोनावर मोजलेले क्ष-किरण. पाच अंशांपासून ऐंशी अंशांपर्यंत ०.०२ अंशाच्या पावलाने मोजणी केली, तर ३७५१ ओळी भरतात. नमुन्यातल्या खनिजांचे प्रमाण काढायचे असेल, तर सॉफ्टवेअरला आणखी एक फाईल द्यावी लागते. तीत प्रत्येक खनिजातल्या अणूंची यादी असते आणि प्रत्येक अणूपुढे त्याच्या जागेच्या तीन संख्यांच्या जोडीला आणखी एक छोटी संख्या असते. तो अणू आपल्या जागी किती थरथरतो, हे ती संख्या सांगते. तिच्यामागचे गणित १९१३ साली पीटर डेबाय यांनी मांडले. विदर्भातला असो वा व्हिएन्नातला, भुकटीच्या विवर्तनाचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी ही संख्या भरतो. ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, त्या माणसाच्या आयुष्याबद्दल मात्र त्याला फारसे सांगितले जात नाही.

डेबाय यांचा जन्म २४ मार्च १८८४ रोजी नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला असलेल्या मास्ट्रिख्ट गावी झाला. वडील धातूच्या वस्तूंच्या कारखान्यात मुकादम, आई नाट्यगृहात तिकिटे विकणारी. घरची परिस्थिती बेताची. सीमेपलीकडचे जर्मन शहर आखेन जवळ होते आणि तिथले शिक्षण परवडणारे होते, म्हणून मुलगा तिथल्या तांत्रिक महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेला. तिथे आर्नोल्ड झोमरफेल्ट हे शिक्षक भेटले आणि अभियंता होऊ घातलेला हा मुलगा सैद्धांतिक भौतिकीकडे वळला. झोमरफेल्ट १९०६ साली म्युनिकला गेले, तेव्हा आपल्या या सहायकाला त्यांनी बरोबर नेले. आपल्या सगळ्या शोधांत डेबाय हाच मोठा शोध, असे झोमरफेल्ट म्हणत असल्याचे सांगतात. १९०८ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १९११ मध्ये झुरिक विद्यापीठात आइनस्टाइन यांच्या जागेवर डेबाय यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते.

पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या हातून जे झाले, ते एखाद्याला आयुष्यभर पुरावे. घन पदार्थ थंड होत गेले की त्यांची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कशी घटते, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखवले. त्याच वर्षी रेणूंमधल्या विद्युतभाराच्या विषम वाटणीचा सिद्धान्त मांडला. आज त्या मापाच्या एककालाच डेबाय म्हणतात. आणि त्याच १९१२ च्या वसंतात म्युनिकमध्ये माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवले गेले. छायाचित्रावर ठिपक्यांची नक्षी उमटली. स्फटिकात अणूंचे थर ठराविक अंतरावर असतात आणि क्ष-किरण त्यांवरून ठराविक कोनांतच परततात, हे त्यातून सिद्ध झाले. त्या कोनांचा सोपा नियम थोड्याच महिन्यांत इंग्लंडमध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी दिला.

या प्रयोगापूर्वी म्युनिकमध्ये एक शंका घेतली जात होती. अणू उष्णतेने सतत थरथरत असतात. मग त्यांच्या रांगा मोडतील आणि नक्षी पुसट होईल, असे जाणकारांना वाटे. नक्षी तर स्पष्ट उमटली. असे का, याचे उत्तर डेबाय यांनी १९१३ मध्ये दिले. थरथरीमुळे विवर्तनाच्या रेषा पसरत नाहीत, फक्त फिकट होतात, आणि जितका कोन मोठा तितक्या अधिक फिकट होतात. किती, याचे सूत्रही त्यांनी काढले. स्वीडनच्या इवार वालर यांनी १९२३ मध्ये त्यात दुरुस्ती केली, म्हणून आज त्याला डेबाय-वालर गुणक म्हणतात. फायलीतली ती छोटी संख्या याच गुणकातली.

उत्रेख्तला थोडा काळ काढून १९१४ मध्ये डेबाय गटिंगेनला आले आणि महायुद्ध सुरू झाले. जर्मन तरुण आघाडीवर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. डेबाय डच, त्यांचा सहकारी पाउल शेरर स्विस. दोघेही तटस्थ देशांचे नागरिक असल्याने त्यांना सैन्याचे बोलावणे नव्हते. विज्ञानाच्या इतिहासात पारपत्राचा असा उपयोग क्वचितच झाला असेल.

डेबाय यांच्या मनात तेव्हा स्फटिक नव्हतेच. १९१५ मध्ये त्यांनी एक वेगळे गणित केले होते. अणू रांगेत नसले, रेणू वाटेल तशा दिशांना तोंडे करून पडलेले असले, तरी त्यांच्यातली अंतरे ठरलेली असतील तर क्ष-किरणांचे व्यतिकरण होणारच, फक्त ते रुंद वलयांच्या रूपात दिसेल. एका अणूतल्या इलेक्ट्रॉनांचीही अशीच काही ठराविक मांडणी असेल, तर तीही या वलयांतून कळावी, असा त्यांचा कयास होता. म्हणजे शोधायचे होते इलेक्ट्रॉन. कागद आणि कोळसा यांवरचे पहिले प्रयत्न फसले. मग शेरर यांनी तांब्याचा, पाण्याने थंड ठेवलेला धनाग्र असलेली क्ष-किरण नळी बनवली आणि ५७ मिलिमीटर व्यासाचा एक गोल कॅमेरा तयार केला. मधोमध लिथियम फ्लुओराइडची बारीक भुकटी, भोवती आतल्या बाजूने फिल्मची पट्टी.

फिल्म धुतल्यावर रुंद वलयांऐवजी तलवारीच्या पात्यासारख्या बारीक कमानी दिसल्या. ज्याची अपेक्षा होती ते हे नव्हते, पण डेबाय यांना अर्थ लगेच उमगला. भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा स्फटिक. असे लाखो कण वाटेल तसे पडलेले असले, तर त्यांतले काही तरी ब्रॅग यांच्या नियमाला हव्या त्या कोनात असणारच. त्यांच्यावरून परतलेले किरण शंकूच्या आकारात बाहेर पडतात आणि फिल्मवर त्या शंकूची कमान उमटते. प्रत्येक कमान अणूंच्या थरांमधले एक अंतर सांगते. मोठा, निर्दोष स्फटिक वाढवण्याची गरजच उरली नाही. चिमूटभर पूड पुरेशी झाली. हे काम १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हल हेही लोखंडाच्या पुडीवरून स्वतंत्रपणे याच पद्धतीपर्यंत पोहोचत होते. युद्धामुळे दोन्हीकडच्यांना एकमेकांची वार्ता नव्हती.

त्या फिल्मच्या पट्टीकडे आजच्या नजरेने पाहिले, तर ती मोजणीची पहिली फाईल ठरते. पुढे असे कॅमेरे ५७.३ मिलिमीटर व्यासाचे करण्याची रीत पडली, त्याचे कारण गंमतीचे आहे. त्या व्यासाच्या वर्तुळाचा परीघ १८० मिलिमीटर भरतो, म्हणजे फिल्मवरचा एक मिलिमीटर बरोबर दोन अंशांचा. पट्टी टेबलावर ठेवायची, फूटपट्टीने अंतर मोजायचे आणि दुप्पट करायचे, की कोन हाती. कमानीचा ठळकपणा डोळ्यांनीच जोखायचा आणि वहीत खूप ठळक, ठळक, मध्यम, फिकट अशी नोंद करायची. पुढची कित्येक वर्षे जगभरचे खनिजशास्त्रज्ञ आणि धातुशास्त्रज्ञ हाच हिशेब करत बसले.

१९१७ मध्ये डेबाय आणि शेरर यांनी ग्रॅफाइटची रचना उलगडली आणि आकारहीन समजला जाणारा काजळीसारखा कार्बन म्हणजे अतिसूक्ष्म ग्रॅफाइटच असल्याचे मत मांडले. पुढच्याच वर्षी शेरर यांनी रेषेच्या रुंदीवरून कणाचा आकार काढण्याचे सूत्र दिले. कण जितका बारीक तितकी रेषा रुंद. आज अब्जांश तंत्रज्ञानावरचा शोधनिबंध शेरर यांच्या या सूत्राशिवाय क्वचितच पुरा होतो. ते वापरण्यात घिसाडघाई पुष्कळ होते, हा भाग वेगळा.

१९१५ चे ते वलयांचे गणितही वाया गेले नाही. रिसोडच्या पश्चिमेला सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर लोणारचे विवर आहे. ते ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद बराच काळ चालला. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी तिथल्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचे दाखवले आणि उल्कापाताची बाजू भक्कम झाली. मास्केलिनाइट हे प्रचंड धक्क्याने काचेसारखे झालेले फेल्डस्पार. फेल्डस्पारच्या भुकटीत बारीक रेषांची गर्दी दिसते. मास्केलिनाइटच्या आलेखात मात्र रुंद उंचवटाच तेवढा असतो, कारण अणूंच्या रांगा मोडलेल्या असतात. गटिंगेनमध्ये डेबाय ज्याची वाट पाहत होते, ते वलय हेच.

गटिंगेननंतरची वाटचाल झपाट्याची होती. १९२० मध्ये झुरिकचे तंत्रविद्यापीठ, १९२७ मध्ये लाइपझिग. १९२३ मध्ये एरिख ह्यूकेल यांच्यासह मिठाच्या द्रावणांचा सिद्धान्त, त्याच वर्षी कॉम्प्टन परिणामाचे स्वतंत्र स्पष्टीकरण, १९२६ मध्ये चुंबकाच्या साहाय्याने अतिशीत तापमान गाठण्याची सूचना. १९३६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते रेणूंच्या रचनेवरील कामासाठी. मूळच्या विद्युत अभियंत्याला, भौतिकीच्या प्राध्यापकाला, रसायनशास्त्राचे.

तोवर ते बर्लिनला आले होते. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या कैसर विल्हेल्म भौतिकी संस्थेचे संचालकपद त्यांनी १९३५ मध्ये स्वीकारले. हिटलर सत्तेवर येऊन दोन वर्षे झाली होती. ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून घालवून देण्यात आले होते, आइनस्टाइन देश सोडून गेले होते. अशा वेळी एक परदेशी माणूस स्वखुशीने बर्लिनला का जातो, हा प्रश्न डेबाय यांचा चरित्रकार टाळू शकत नाही. संशोधनासाठी साधने मिळत होती, हे त्याचे सरळ उत्तर. आपण डच नागरिक आहोत आणि राजकारणाशी आपला संबंध नाही, अशी त्यांची स्वतःची धारणा असावी. नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. नव्या इमारतीला त्यांनी माक्स प्लांक यांचे नाव दिले, राजवटीतल्या कोणाचे नव्हे.

१९३७ मध्ये ते जर्मन भौतिकी संघटनेचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. जुलै १९३८ मध्ये लिझे माइटनर या ज्यू वंशाच्या भौतिकशास्त्रज्ञेला बर्लिनमधून गुपचूप डच सीमेपार पोहोचवण्यात आले. ग्रोनिंगेनच्या डिर्क कोस्टर यांच्याशी संधान बांधून ही सुटका घडवून आणणाऱ्या मोजक्या लोकांत डेबाय होते. त्यात त्यांना धोका होता. आणि ९ डिसेंबर १९३८ रोजी संघटनेचा अध्यक्ष या नात्याने त्यांनी सर्व जर्मन सदस्यांना एक पत्र धाडले. न्यूरेंबर्ग कायद्यांनुसार जे ज्यू ठरतात, त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा द्यावा, असे त्यात कळवले होते. अखेरीस राजवटीचा रूढ जयघोष होता आणि खाली डेबाय यांची सही.

ज्यूंच्या घरांवर आणि प्रार्थनास्थळांवर देशभर हल्ले झाले, त्याला तेव्हा पुरता एक महिना झाला होता. सरकारी दबाव होता, इतर संघटनांनीही तेच केले होते, संघटनेत उरलेले ज्यू सदस्य मोजकेच होते, असा बचाव केला जातो. तो खोटा नाही. पण त्याच शहरात लाउए राहत होते आणि राजवटीला न आवडणारी भूमिका उघडपणे घेऊनही ते टिकून होते. पत्रावर सही करणे भाग होते असे मानले, तरी अध्यक्षपदावर राहणे भाग नव्हते.

योगायोग असा, की याच १९३८ साली अटलांटिकपलीकडे डेबाय-शेरर पद्धतीला पहिली खरी कोठारव्यवस्था मिळाली. डाऊ केमिकल कंपनीतल्या हॅनावॉल्ट, रिन आणि फ्रेव्हेल यांनी एक हजार पदार्थांच्या भुकटीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांची युक्ती साधी होती. प्रत्येक पदार्थाच्या सगळ्यांत ठळक तीन रेषा घ्यायच्या आणि शब्दकोशासारखी त्यांची अनुक्रमणी लावायची. अनोळखी पुडीच्या तीन रेषा मोजल्या, की पदार्थ शोधता येतो. १९४१ पासून या नोंदी तीन बाय पाच इंची कार्डांवर छापल्या जाऊ लागल्या. पुढे चुंबकीय फिती आल्या, सीडी आल्या. हे काम सांभाळणाऱ्या समितीचे जेसीपीडीएस हे नाव १९७८ मध्ये बदलले, पण आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आणि शोधप्रबंधांत अजूनही जेसीपीडीएस कार्ड असाच शब्द चालतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि जर्मन सैन्याने युरेनियमच्या संशोधनासाठी डेबाय यांची संस्था ताब्यात घेतली. संचालक राहायचे तर जर्मन नागरिक व्हा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. जानेवारी १९४० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या व्याख्यानमालेचे निमित्त करून ते इटलीमार्गे अमेरिकेला निघाले. कागदोपत्री ते रजेवर होते आणि पगार बर्लिनमधल्या घरच्यांना मिळत राहिला. मुलगा आधीच अमेरिकेत होता. पत्नी मागाहून आली. मुलगी जर्मनीतच राहिली.

अमेरिकेतही संशयाने पाठ सोडली नाही. आपल्या कानावर आलेली शंका आइनस्टाइन यांनी कॉर्नेलमधल्या एका प्राध्यापकाला कळवली. सरकारी चौकशी झाली. अखेर डेबाय यांना युद्धकाळातल्या कृत्रिम रबराच्या संशोधनात घेण्यात आले, १९४६ मध्ये नागरिकत्वही मिळाले. कॉर्नेलच्या रसायन विभागाचे ते दहा वर्षे प्रमुख होते. मोठ्या रेणूंवरून प्रकाश कसा विखुरतो, त्यावरून त्यांचे वजन कसे काढावे, हे त्यांचे तिथले मुख्य काम. तेही मुळात १९१५ च्याच विचाराचे विस्तारलेले रूप होते. बर्लिनमधल्या दिवसांबद्दल ते फारसे बोलले नाहीत. २ नोव्हेंबर १९६६ रोजी इथाका येथे त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मॉस्कोला भरलेल्या स्फटिकशास्त्रज्ञांच्या जागतिक अधिवेशनात ह्यूगो रिटव्हेल्ड या चौतीस वर्षांच्या डच संशोधकाने एक नवी कल्पना मांडली. ती कोणी मनावर घेतली नाही. भुकटीच्या पद्धतीत एक अडचण जन्मापासून होती. तीन दिशांनी पसरायला हवी ती सगळी माहिती एकाच कोनाच्या रेषेवर दाटीवाटीने येते, शिखरे एकमेकांवर चढतात आणि कोणते कोठे संपते ते कळत नाही. रिटव्हेल्ड यांनी शिखरे वेगळी करण्याचा नाद सोडला. त्याऐवजी अणूंची अंदाजी मांडणी धरून संपूर्ण आलेखच संगणकाने काढायचा, मोजलेल्या आलेखाशी बिंदूगणिक ताडायचा आणि फरक कमीत कमी होईपर्यंत मांडणी सुधारत न्यायची. पेटेनच्या अणुभट्टीवर, न्यूट्रॉनांच्या मोजणीसाठी हे आधी घडले. १९६९ मध्ये सविस्तर निबंध आला आणि आपला प्रोग्रॅम रिटव्हेल्ड मागेल त्याला फुकट देत राहिले. दहाएक वर्षांत तो क्ष-किरणांनाही लागू झाला. या पद्धतीच्या श्रेयात लोपस्ट्रा आणि व्हान लार या सहकाऱ्यांचाही वाटा असल्याचा दावा व्हान लार यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे मांडला, तेव्हा रिटव्हेल्ड हयात नव्हते.

रिटव्हेल्ड यांच्या वाटेने पुढे अनेक सॉफ्टवेअर आली. लॉस अॅलामॉसमध्ये लार्सन आणि फॉन ड्रील यांचे जीसॅस, युरोपात रॉद्रिगेझ-कार्व्हाहाल यांचे फुलप्रॉफ. दोन्ही विनामूल्य, त्यामुळे आपल्या विद्यापीठांनाही ती आपलीशी वाटली. अडचण आली ती फायलींची. यंत्र बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची फाईल निराळी, बऱ्याचशा अशा की त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडतच नाहीत. जीसॅसच्या फायलीत प्रत्येक ओळ नेमकी ऐंशी अक्षरांची. छिद्रे पाडलेल्या जुन्या कार्डावर ऐंशी रकाने असत, त्याचा हा वारसा. एक जागा इकडेतिकडे झाली तरी प्रोग्रॅम अडून बसे.

डेबाय यांच्या संख्येने तर हमखास घोटाळा होई. अणूची थरथर दोन प्रकारे लिहिली जाते. एकीला यू म्हणतात, दुसरीला बी, आणि बी ही यूच्या आठ गुणिले पायचा वर्ग, म्हणजे सुमारे एकोणऐंशी पट असते. जीसॅसला यू हवी, फुलप्रॉफला बी. एका प्रोग्रॅमची यादी दुसऱ्यात तशीच उतरवली, तर अणू एकदम थिजून तरी जातात किंवा जागेवरून उडून गेल्यासारखे थरथरतात. आलेख जुळत नाही आणि विद्यार्थी आठवडाभर नमुन्यात दोष शोधत बसतो. १९९१ मध्ये हॉल, अॅलन आणि ब्राऊन यांनी सिफ नावाचा खुला आराखडा प्रसिद्ध केला आणि आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने तो उचलून धरला. साध्या अक्षरांतली, कोणत्याही संगणकावर वाचता येणारी फाईल. तीत प्रत्येक संख्येपुढे तिचे पूर्ण नाव लिहिलेले, त्यामुळे यू कोणती आणि बी कोणती याबद्दल वाद नाही. ब्रायन टोबी यांच्या पुढाकाराने भुकटीच्या मोजणीसाठी त्याची स्वतंत्र शब्दसूचीही झाली. केवळ निष्कर्ष नव्हे, तर मोजलेले सगळे बिंदू फायलीत ठेवावेत, म्हणजे पुढच्या पिढीला तेच गणित पुन्हा करून पाहता येईल, हा त्यामागचा आग्रह होता.

डेबाय यांच्या आयुष्याचे गणितही असेच पुन्हा केले गेले. जानेवारी २००६ मध्ये सिबे रिस्पेन्स यांचे आइनस्टाइन आणि नेदरलँड्स यांच्याविषयीचे पुस्तक आले. १९३८ चे ते पत्र इतिहासकारांना ठाऊक होते, पण या पुस्तकाने ते सामान्य डच वाचकासमोर आणले आणि डेबाय यांच्यावर राजवटीशी हातमिळवणी केल्याचा आरोप ठेवला. काही आठवड्यांतच उत्रेख्त विद्यापीठाने आपल्या डेबाय संस्थेच्या नावातून डेबाय हा शब्द काढून टाकला. मास्ट्रिख्ट विद्यापीठाने त्यांच्या नावाच्या पारितोषिकातून अंग काढून घेतले. कॉर्नेलने मात्र कागदपत्रे तपासली आणि नाव काढण्याजोगे काही सापडले नाही, असे ठरवले.

निकाल आधी आणि पुरावा मागाहून, अशी ती घाई होती. युद्धकाळाच्या दस्तऐवजांचा अभ्यास करणाऱ्या डच संस्थेचा अहवाल मार्टाइन आइकहोफ यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये दिला. डेबाय नात्झी नव्हते, ज्यूद्वेष्टेही नव्हते. पण प्रत्येक टप्प्यावर त्यांनी परतीचे एखादे दार उघडे ठेवले, अमेरिकेत गेल्यावरही बर्लिनशी संबंध पुरता तोडला नाही, असे त्यातून दिसले. त्यांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्या दोघांनाही तो पुरेसा वाटला नाही. मग यान टेरलाऊ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डेबाय यांचा हेतू वाईट होता असे सिद्ध होत नाही, म्हणून नाव वापरायला हरकत नाही, असा सल्ला तिने २००८ च्या आरंभी दिला. ते ब्रिटिश हेरखात्याला माहिती पुरवत असावेत, असाही एक तर्क त्यानंतर पुढे आला. तो तर्कच राहिला आहे.

उत्रेख्तच्या संस्थेवर डेबाय यांचे नाव पुन्हा लागले. ती अब्जांश पदार्थांवर काम करते. इतक्या बारीक कणांत अणूंच्या रांगा लांबवर जातच नाहीत, त्यामुळे ब्रॅग यांचा नियम तिथे तोकडा पडतो आणि १९१५ चे डेबाय यांचे सूत्र कामी येते. त्यात कणातल्या प्रत्येक अणूचे दुसऱ्या प्रत्येक अणूपासूनचे अंतर घेऊन बेरीज करावी लागते. हजार अणूंचा कण असेल तर सुमारे पाच लाख जोड्या होतात. त्या काळी हे हाताने करणे अशक्य होते. आता साधा संगणकही ते काही क्षणांत करतो आणि उत्तर दोन रकान्यांच्या फायलीत लिहून देतो.